पत्राआधी आलेली बातमी

फोन आला तेव्हा आई राजा पार्कातल्या एका दुकानात चपला घालून बघत होती. एका पायात तपकिरी, दुसऱ्यात काळी. मी बाकावर बसून तिची जुनी जोडी पिशवीत घालत होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. फोनवर त्या वार्ताहराचं नाव दिसलं म्हणून मी लगेच उचलला. शहरातल्या एका हिंदी दैनिकात तो खेळांच्या बातम्या करायचा आणि गेली चार-पाच वर्षं माझ्या प्रत्येक शर्यतीनंतर दोन ओळी छापायचा. आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं, पण मला ते आता मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

"दीदी, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुमचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलंय. तुमचं म्हणणं काय?"

"कुठलं सॅम्पल?" मी विचारलं.

मला खरंच कळलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात बाबांचं रक्त तपासायला दिलं होतं आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं. बाबांचा रिपोर्ट याला कसा कळला, एवढाच विचार मनात आला.

"डोपचं, दीदी."

"मला कोणी काहीच कळवलेलं नाही," मी म्हणाले.

"मग हेच लिहू?"

मी हो म्हणाले असेन. फोन ठेवला तेव्हा आई दोन वेगवेगळ्या चपला घालून आरशासमोर उभी होती.

"कोनाचा फोन होता वं?"

"ऑफिसचा."

"मंग कोनती घेऊ?"

"काळी घे," मी म्हणाले. तिने काळी घेतली. तिला तपकिरी आवडली होती हे मला दिसत होतं, पण मी काळी म्हणाले म्हणून तिने काळी घेतली. रिक्षा करून आम्ही दुर्गापुऱ्याला घरी आलो. मी वाटेत तिच्याशी मेथीबद्दल बोलले. मेथी निवडायची का पालक, असं काहीतरी.

संध्याकाळी सहानंतर ईमेल आला. तीन पानांचं पत्र होतं, इंग्रजीत. राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवशी घेतलेल्या माझ्या लघवीच्या नमुन्यात मूत्र वाढवणारं एक औषध सापडलं होतं. असली औषधं खेळाडूंना बंद आहेत, कारण शरीरातलं दुसरं काहीतरी धुऊन काढायला किंवा लपवायला ती घेतली जातात. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी कुठल्याही स्पर्धेत उतरायचं नव्हतं. पहिल्या पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे पत्र गोपनीय आहे.

मी चालायची. चालण्याच्या शर्यतीत. लोकांना हा खेळ माहीत नसतो, माहीत असला तर ते हसतात. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, पुढचा पाय पडतो तेव्हा गुडघा सरळ हवा, आणि वाटेत उभे असलेले पंच तेवढंच बघत असतात. कंबर डोलते, हात छातीपाशी झुलतात. शाळेत असताना मैदानाच्या कडेला मुलं माझी नक्कल करायची. बाबा रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीवर होते, अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथेच निवृत्त झाले. तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी क्वार्टरांमागच्या रस्त्यावर सराव करायची. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून मला एका सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली, बाबांनी दुर्गापुऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि माझा सराव कृषी संशोधन केंद्राच्या बाजूच्या रस्त्यावर सुरू झाला. वीस किलोमीटर हे माझं अंतर. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत मी दुसरी आले होते. एकतीस वर्षांची होते. याहून वर मी जाणार नव्हते हे मला कळत होतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

दुसरी आल्यावर आमच्या सोसायटीने फाटकावर माझा फ्लेक्स लावला होता. हार घातलेला फोटो, खाली कमिटीच्या सात जणांची नावं.

बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. 'पदक पर दाग', असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली माझा फोटो. तो शेवटच्या फेरीतला होता, दात आवळलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. शर्यत संपताना सगळ्यांचे चेहरे तसेच होतात. त्या बातमीखाली मात्र तो चेहरा वेगळा दिसत होता. मलासुद्धा. चौकटीत लिहिलं होतं की सॅम्पलबद्दल विचारल्यावर खेळाडूने 'कौन सा सैंपल?' असं म्हणत अजाण असल्याचं भासवलं.

मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. मी तेच म्हणाले होते. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

बाबांनी पेपर माझ्या हातून घेतला, चष्मा लावला आणि पूर्ण वाचला. आई स्वयंपाकघरात बुद्धवंदना म्हणत होती. ती रोज सकाळी म्हणते, भांडी लावता लावता. बाबांनी पेपराची घडी केली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "पोरी, तू घेतलं का काही?"

"नाही."

"बस."

त्यानंतर त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही, निकाल लागेपर्यंतच्या नऊ महिन्यांत एकदाही नाही. बाबांबद्दल बोलायचं तर मी लोकांना हेच सांगते. पण त्यांनी ते एकदा विचारलं होतं, हेही माझ्या लक्षात राहिलं आहे. मला राग आला नाही. दातावर भूल दिल्यावर डॉक्टर हिरडीला टोचून विचारतात तसं झालं. काहीतरी टोचलंय हे कळतं, दुखत मात्र नाही.

अकराच्या सुमाराला फाटकावर एका वाहिनीची गाडी आली. आमच्या वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही, पण ते बाहेर उभे राहून फ्लेक्ससमोर बोलले. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरला. वॉचमन गुंडाळी घेऊन दारात आला.

"बहनजी, हे कमिटीने काढायला सांगितलं. तुम्ही ठेवता का?"

"तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले. पुढे त्याने तो उलटा करून आपल्या खोलीच्या पत्र्यावर टाकला. फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वर, माझा चेहरा खाली. त्याने त्यात काही वाईट केलं असं मला वाटलं नाही. पत्रा गळत होता.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईने टीव्ही लावला. मी नको म्हणायला हवं होतं, पण मी पोळी मोडत बसले. चार चौकोनांत चार माणसं होती. त्यांतले एक निवृत्त प्रशिक्षक होते, मला कधीही न भेटलेले. ते म्हणाले, "एका वर्षात वेळ एवढी सुधारते? आम्हीही खेळाडू घडवले आहेत. सरळ मार्गाने हे होत नाही." त्या वर्षी ऑफिसने मला सरावासाठी पहिल्यांदाच सकाळची सवलत दिली होती. त्याआधी मी आठ तास फायली बघून मग चालायची. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. निवेदिकेने विचारलं, "म्हणजे हे फार आधीपासून चालू असणार?" ते म्हणाले, "असणारच."

मग त्यांनी एक जुनी क्लिप लावली. एकोणीस-वीस वर्षांची मी, केसांना दोन रबर बांधलेली, मैदानाच्या कडेला उभी. समोर कोणाचा तरी माइक.

"अशा लोकांमुळे आमचं नाव खराब होतं," क्लिपमधली मी म्हणत होते. "ज्यांनी घेतलंय त्यांना कायमचं बाहेर काढलं पाहिजे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हे कवाचं वं?"

"जुनं आहे," मी म्हणाले.

मी ते ज्यांच्याबद्दल बोलले होते, त्या आमच्या सराव शिबिरातल्या सगळ्यात मोठ्या मुलींपैकी एक. दोन महिने मी त्यांच्या खोलीत राहिले होते. त्यांनी मला पायाच्या बोटांना पट्टी कशी गुंडाळायची ते शिकवलं, म्हणजे फोड येत नाहीत. त्यांचा अहवाल आला त्या दिवशी एक जण माइक घेऊन आला. शिबिरातल्या इतर मुली आत पळाल्या, मी थांबले. टीव्हीवर यायचं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी घेतलं का नाही, हा प्रश्न माझ्या मनात आलाही नव्हता. बातमी आली होती, म्हणजे घेतलं होतं.

ऑफिसात मला कोणी काही बोललं नाही. माझ्या टेबलाशी येऊन चहा पिणारे आता त्यांच्याच टेबलाशी प्यायचे, एवढंच. सकाळची सवलत बंद झाली. ते बरोबरच होतं, मी आता कशासाठी सराव करणार होते? तरीही मी रोज पहाटे चालायला जायची. पाय आपोआप निघायचे. बारा किलोमीटर झाल्यावर मी परत फिरायची आणि घरी येऊन घाम पुसताना मला आठवायचं नाही की वाटेत काय दिसलं. एकदा एक बाई स्कूटर थांबवून म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" मी हो म्हणाले. तिने फोटो काढला आणि गेली. चांगल्या मनाने काढला का वाईट, ते मी ठरवू शकले नाही.

दिल्लीच्या एका वकील बाईंनी माझं काम घेतलं. त्या अशीच प्रकरणं बघायच्या. फोनवर त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता.

"स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस आठव," त्या म्हणाल्या. "तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिही. प्रत्येक म्हणजे प्रत्येक."

मी आईला घेऊन बसले आणि आम्ही लिहीत गेलो. ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, खजूर. प्रथिनांची पावडर. लोहाच्या गोळ्या. पित्ताची गोळी. पित्ताची गोळी मी शर्यतीच्या आधी दहा दिवस घेत होते, डॉक्टरांनी लिहून दिलेली. नमुना देताना जो फॉर्म भरतात त्यावरही मी तिचं नाव लिहिलं होतं. बंदी असलेल्या औषधांच्या यादीत ती गोळी नव्हती.

दरम्यान प्रयोगशाळेने नमुन्याचा दुसरा भाग माझ्या सांगण्यावरून तपासला. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून ठेवतात. त्याचाही निकाल तोच आला, येणारच होता, एकाच लघवीचे दोन भाग होते ते. 'दूसरे टेस्ट में भी फेल', अशी बातमी आली. वार्ताहराने या वेळी फोन केला नाही.

वकील बाई म्हणाल्या, "आता ते तुझ्या शरीरात होतं हे पक्कं झालं. त्यावर भांडायचं नाही. ते आत कसं गेलं, ते आपल्याला दाखवायचंय. आणि ते दाखवायची जबाबदारी तुझी आहे, त्यांची नाही."

पावडर तपासली, त्यात काही नव्हतं. लोहाच्या गोळ्यांत काही नव्हतं. पित्ताच्या गोळ्यांची माझ्याकडे अर्धी पट्टी उरली होती, पण उघडलेली पट्टी चालणार नव्हती. कोणीही म्हणालं असतं की मीच त्यात काहीतरी मिसळलं. त्याच बॅचची न उघडलेली पट्टी हवी होती, आणि आता सहा महिने होऊन गेले होते.

राजा पार्कातल्या ज्या औषधवाल्याकडून त्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्याकडे मी आणि बाबा गेलो. वयस्कर सिंधी गृहस्थ, काउंटरमागे उंच स्टुलावर बसायचे. मी त्यांना अर्धी पट्टी दाखवली आणि बॅच नंबर वाचून दाखवला.

"या नंबरची पट्टी मिळेल का?"

"दुसऱ्या नंबरची घ्या. औषध तेच आहे."

"नाही, हाच नंबर हवा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बेटी, नंबर बघून कोणी औषध घेतं का?"

बाबा पुढे झाले. बाबांचं हिंदी इतक्या वर्षांनीही अकोल्याचंच आहे. ते म्हणाले, "भाईसाहब, ये मेरी बच्ची है. पेपर में जो आया था ना, वो यही है."

औषधवाल्यांनी स्टुलावरून उतरून मागच्या बाजूला कंपनीला परत पाठवायच्या मालाचा खोका ओढला, जमिनीवर बसले आणि एकेक पट्टी उजेडात धरून वाचू लागले. दुकानात तीन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. "पाच मिनिटं," ते त्यांना म्हणाले. वीस मिनिटं तरी झाली असतील. बाबा उभेच होते, काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून. शेवटी औषधवाले गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि दोन पट्ट्या काचेवर ठेवल्या.

"मी स्वतः वाचून घेतला," ते म्हणाले. "तुम्हीही वाचा."

मी वाचला. बाबांनी वाचला. मग त्यांनी बिल केलं, त्यावर बॅच नंबर स्वतःच्या हाताने लिहिला आणि दुकानाचा शिक्का मारला. त्या सगळ्या महिन्यांत, घराबाहेरच्या एका माणसाने, काय खरं काय खोटं ते बाजूला ठेवून, उठून काहीतरी शोधलं, ते एवढंच. मला रडू यायला हवं होतं. मी पट्ट्या पाकिटात घातल्या आणि पाकिटाला चिकटपट्टी लावली.

प्रयोगशाळेने दोन्ही सीलबंद पट्ट्या तपासल्या. दोन्हींमध्ये ते मूत्र वाढवणारं औषध सापडलं, अगदी अंशभर. कुठल्यातरी कारखान्यात एकाच यंत्रावर आधी त्या औषधाची गोळी आणि मग ही पित्ताची गोळी बनली असणार, मधे यंत्र नीट धुतलं गेलं नसणार, असं वकील बाईंनी समजावलं. माझ्या लघवीत जेवढं सापडलं तेवढंच त्यातून येऊ शकत होतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. मी ऑफिसचा स्वच्छ कुर्ता घालून आईबाबांच्या खोलीत बसले, दार लावून. तीन जणांच्या मंडळाने मला सहा-सात प्रश्न विचारले. सगळे सरळ होते. या सगळ्या काळात मला पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली होती.

निकाल तीन आठवड्यांनी आला. पदार्थ शरीरात होता, पण त्यात खेळाडूचा कुठलाही दोष किंवा निष्काळजीपणा नव्हता. बंदी नाही. नियमाप्रमाणे त्या शर्यतीतला माझा निकाल मात्र रद्द झाला, कारण शर्यतीच्या दिवशी ते शरीरात होतं. म्हणजे मी निर्दोष होते आणि पदक गेलं होतं. मी ते पदक दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हणाले, "धातूची वस्तू."

बातमी अकराव्या पानावर आली, शेअरबाजाराच्या खालच्या कोपऱ्यात. 'दाग धुला, पदक गया.' फोटो नव्हता. वाहिन्यांवर काहीच आलं नाही, किंवा आलं असेल तर आम्हाला दिसलं नाही. बाबांनी तो तुकडा कात्रीने कापला आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या दाराखालून आत सरकवला. मला ते नंतर कळलं. अध्यक्षांनी लिफ्टपाशी मला "अभिनंदन" म्हटलं. मी "थँक्यू" म्हटलं.

त्यानंतर मी विद्याधर नगरला गेले. शिबिरात ज्यांच्या खोलीत राहिले होते त्यांचा पत्ता मिळवायला मला दोन दिवस लागले. त्या एका शाळेबाहेर मुलांच्या स्वेटरचं आणि गणवेशाचं छोटं दुकान चालवत होत्या. मला बघून त्यांनी ओळखलं. ओळखणारच, क्लिप त्यांनीही पाहिली असणार.

"ये," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

मी वाटेत ठरवलेलं सगळं बोलले. तेव्हा मी जे म्हणाले ते चूक होतं. मला काहीही माहीत नव्हतं. तुम्हाला न विचारता मी बोलले. त्या एका स्वेटरला किमतीची चिठ्ठी टाचत ऐकत होत्या.

"तू सुटलीस ते वाचलं मी," त्या म्हणाल्या. "अकरावं पान ना?"

"हो."

"माझ्या वेळी कोच इंजेक्शन द्यायचे. ताकदीचं आहे, म्हणायचे. मी घ्यायची. त्यात काय होतं मी विचारलं नाही. तू विचारलं असतंस?"

मी विचार केला. "नाही."

"मग मी घेतलं का नाही घेतलं? मला अजून सांगता येत नाही. सुनावणीला बोलावलं होतं. घरच्यांनी पेपर वाचला होता, ते म्हणाले आता कशाला अजून शोभा. मी गेले नाही. चार वर्षं बंदीत गेली, मग लग्न." त्यांनी स्वेटर घडी करून फळीवर ठेवला. "तू माफी मागितलीस, बरं केलंस. पण मी निर्दोष होते असं समजून मागू नकोस. तसं असेल तरच माणसाला ऐकून घ्यायचं, असं कुठे आहे?"

त्यांनी चहा मागवला. आम्ही मुलांच्या गणवेशाबद्दल बोललो, थंडीच्या आधी कशी गर्दी होते त्याबद्दल. निघताना त्या म्हणाल्या, "गुडघा कसा आहे?" शिबिरात माझा डावा गुडघा दुखायचा. मी म्हणाले, आता बरा आहे.

वार्ताहर पुढच्या महिन्यात घरी आला. मी पुन्हा स्पर्धेत उतरणार असल्याचं त्याला कळलं होतं आणि त्याला मुलाखत हवी होती. पूर्वी तो आला की आईच्या हातचे पोहे दोनदा मागून घ्यायचा. या वेळी आईने फक्त पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. बाबा समोर बसून राहिले.

"पुनरागमन," तो म्हणाला. "लोकांना आवडेल, दीदी. संघर्ष, अश्रू, सगळं."

"मी रडले नाही," मी म्हणाले.

तो हसला, मग थांबला. "दीदी, मथळा मी देत नाही. तो डेस्कवर होतो."

"'अजाण असल्याचं भासवलं' हे कोणी लिहिलं?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "मला रात्रीच्या आत बातमी द्यायची होती. दुसऱ्या पेपराकडेही होती ती. मला आतून कळलं होतं की रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. तो होताच ना पॉझिटिव्ह? मी खोटं काही लिहिलं नाही."

"नाही लिहिलंत," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चिडले असते तर त्याला सोपं गेलं असतं असं मला वाटतं. तो बराच वेळ तयारी करून आला असावा, माझ्या रागाला काय उत्तर द्यायचं याची. माझ्याकडे राग नव्हता. मी आत शोधला, खरंच शोधला. नव्हता.

बाबा म्हणाले, "बेटा, फोन करने के पहले चिठ्ठी आने देते. दो-तीन घंटे."

"जी, अंकल," तो म्हणाला. मुलाखत त्याने घेतली नाही. जाताना तो बाबांच्या पाया पडायला वाकला आणि बाबांनी पाय मागे घेतले, रागाने नाही, ते नेहमीच घेतात.

मी एकच शर्यत चालले, राज्य स्पर्धेत. पाचवी आले. पंचांचा एकही इशारा मिळाला नाही, तंत्र अगदी स्वच्छ होतं. शेवटच्या फेरीत कोणीतरी कडेवरून माझं नाव घेऊन ओरडलं, पुढचा शब्द मला ऐकू आला नाही. शर्यत संपल्यावर मला नमुन्यासाठी बोलावलं. मी गेले, बाटली निवडली, फॉर्म भरला. औषधांच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं. त्या काळात मला पित्ताचा खूप त्रास होत होता, पण मी गोळी घेत नव्हते. अजूनही घेत नाही. आई जिऱ्याचं पाणी करून देते.

त्यानंतर मी स्पर्धा थांबवली. कारण विचारलं तर वय सांगते. ऑफिस आहेच, आणि संध्याकाळी सहा ते साडेसात मी आमच्या भागातल्या काही मुलींना चालायला शिकवते. सुरुवातीला सहाजणी होत्या. त्यांतली एक फार चांगली होती, तेरा वर्षांची, लांब पायांची, गुडघा आपोआप सरळ पडायचा. तिचे वडील रोज तिला आणून सोडायचे आणि ऑफिसातून आणलेली पिशवी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसायचे. एके दिवशी ते फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. पडद्यावर तोच फोटो होता, दात आवळलेला. माझं नाव टाकलं की अजूनही तोच आधी येतो.

"मॅडम, या तुम्हीच ना?"

"हो."

"मग?"

"औषधाची गोळी बिघडलेली निघाली. मी निर्दोष सुटले. खाली बघा, ती बातमी पण सापडेल."

त्यांनी बोटाने पडदा वर सरकवला, बराच खाली गेले. "सापडत नाही," ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. मग फोन खिशात ठेवला. "ठीक आहे, मॅडम. मी फक्त विचारलं."

"बरं केलंत," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

मुलगी त्यानंतर महिनाभर येत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही. नववीचं वर्ष होतं, शिकवणीची वेळ बदलली असेल. तिच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. आता पाचजणी येतात. मंगळवारी मी त्यांना वळणावर कंबर कशी सांभाळायची ते दाखवलं, त्यातल्या दोघींना लगेच जमलं.